फाटकावरची तपासणी



आज ज्या कामाविषयी बोलावयाचे आम्ही ठरविले आहे, ते काम करणाऱ्याला संध्याकाळी घरी कोणी विचारले, "आज काय केलेस?" तर त्याला "वाचले" एवढेच उत्तर देता येते. दुसऱ्याने लिहिलेला कोड त्याने दिवसभर वाचलेला असतो. एखादी ओळ खटकली तर तसे लिहून कळविलेले असते. काही खटकले नाही तर खाली आपले नाव घातलेले असते. कापड विणले नाही, लोखंड तासले नाही, स्वतःची नवी ओळही लिहिली नाही. अशा कामाचे माप कसे घ्यावयाचे आणि त्याची मजुरी कोणत्या खात्यावर टाकावयाची, हा प्रश्न कामगार-संघटनेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याला पडावा यात नवल नाही. गेली काही वर्षे संगणकाच्या कचेऱ्यांतील तरुण मुलेमुली संघटनेच्या दाराशी येऊ लागली आहेत. त्यांची गाऱ्हाणी समजावयाची तर त्यांचे काम समजले पाहिजे, म्हणून आम्ही ते शिकावयास बसलो. कॉलेजचे तोंड आम्ही पाहिलेले नाही. परंतु लेथवर उभ्या राहणाऱ्याला मायक्रोमीटर वाचता येतो, आणि ज्याला मायक्रोमीटर वाचता येतो त्याला बेरीज कोठे घसरली तेही दिसू शकते. आजची गोष्ट शेवटी बेरजेचीच आहे.

संगणकात मुख्य प्रोसेसर असतो हे आपण ऐकलेले आहे. त्याच्या शेजारी पडद्यावर चित्रे रंगविणारा एक दुसरा कारागीर असतो. त्याला ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात. हा कारागीर मोठा चपळ, पण स्वतःची अक्कल न चालविणारा. त्याला हुकुमांची यादी हातात द्यावी लागते: अमुक त्रिकोण काढ, त्यावर तमुक रंग भर, रंगाचे पान मेमरीतल्या अमुक नंबरच्या घरातून उचल, तयार झालेले चित्र तमुक नंबरच्या घरात ठेव. ही यादी खेळ खेळविणारा किंवा नकाशा दाखविणारा एखादा साधा प्रोग्रॅम तयार करतो. परंतु त्याने ती यादी परस्पर कारागिराच्या हाती द्यावयाची नसते. मध्ये कर्नल असतो, म्हणजे संगणकाचा कारभारी. आणि त्या कारभाऱ्याच्या पदरी ग्राफिक्स ड्रायव्हर नावाचा एक कारकून असतो. यादी त्याच्या टेबलावरून जाते. काही यंत्रांत हा कारकून यादी नुसती पुढे ढकलतो. काहींत त्याला ती हुकुमागणिक वाचून पाहावी लागते. अशा वाचणाऱ्या कोडाला कमांड पार्सर म्हणतात.

आणखी एक शब्द सांगतो आणि पुढे जातो. बफर म्हणजे मेमरीत मोजून आखून घेतलेली जागा. धान्याची कणगी म्हणा. फरक इतकाच की आपल्या कणगीला भिंत असते, आणि दहा पायलीच्या कणगीत अकरावी पायली ओतली तर ती जमिनीवर सांडते व डोळ्यांना दिसते. मेमरीतील कणगीला भिंत नाही. अकरावी पायली गुपचूप शेजाऱ्याच्या कणगीत जाऊन पडते. शेजारच्या कणगीत काय असेल ते सांगता येत नाही: एखाद्याचा पासवर्ड असेल, किंवा खुद्द कारभाऱ्याने पुढे काय करावयाचे हे टिपून ठेवलेला कागद असेल. त्या कागदावर परक्याची अक्षरे उमटली म्हणजे कारभारी परक्याचा झाला.

आता खरी हकिकत. २०१२ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथून रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक बाजारात आला. तळहाताएवढी पाटी, किंमत ३५ डॉलर. शाळेतील मुलांनी प्रोग्रॅम लिहावयास शिकावे हा हेतू. त्यावर ब्रॉडकॉम कंपनीची चिप होती आणि त्या चिपेत व्हिडिओकोअर-चार नावाचा ग्राफिक्स प्रोसेसर. प्रारंभी या प्रोसेसरचे आतले कामकाज कंपनीने झाकून ठेवले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिने त्याची माहितीपुस्तिका खुली केली, आणि त्याच वर्षी, पूर्वी इंटेलमध्ये असलेले एरिक अ‍ॅनहोल्ट हे ब्रॉडकॉममध्ये येऊन त्याचा खुला ड्रायव्हर लिहू लागले. त्या ड्रायव्हरचे नाव व्हीसी-फोर. त्यातील त्रिमिती चित्रांचा भाग मार्च २०१६ मध्ये बाहेर पडलेल्या लिनक्स कर्नलच्या ४.५ आवृत्तीत सामील झाला.

या चिपेची एक मोठी उणीव होती. हल्लीच्या बहुतेक ग्राफिक्स प्रोसेसरांत मेमरीवर पहारा करणारे एक यंत्रांग असते. कोणत्या प्रोग्रॅमने कोणत्या नंबरच्या घरात जावयाचे याचा नकाशा त्याच्यापाशी असतो, आणि कोणी परक्या दारी गेला तर ते त्याला तेथेच अडविते. व्हिडिओकोअर-चारच्या त्रिमिती विभागाला हे अंग नाही. त्याला सांगितले की अमुक घरातून उचल, की तो उचलणार. घर कोणाचे हे त्याला ठाऊक नाही. म्हणजे पहारेकऱ्याचे सारे काम कारकुनाच्या गळ्यात आले. यादीतील एकूण एक हुकूम, त्या हुकुमातील एकूण एक घर-नंबर त्याने पाहावयाचा. न ओळखीचा हुकूम दिसला की सबंध यादी परत करावयाची. इतकेच नव्हे तर रंग भरण्यासाठी जे चिमुकले प्रोग्रॅम यादीबरोबर येतात, तेही आधी सूचनेगणिक तपासून मगच आत घ्यावयाचे. कंपनीने चिपेत जे घातले नाही ते एका माणसाला लिहून भरून काढावे लागले. आमच्या धंद्यात हे नवे नाही. यंत्राला गार्ड बसविण्याचा खर्च वाचतो तेव्हा "कामगाराने सावध राहावे" अशी पाटी भिंतीवर लागते.

या तपासणीत एक शहाणपण आहे, ते आम्हांला फार आवडले. साखर कारखान्याच्या किंवा मार्केट यार्डाच्या फाटकावर ज्यांनी काम केले आहे त्यांना ते चटकन कळेल. ट्रकमधील पोती ट्रकमध्येच मोजली आणि पावती फाडली, तर मोजणी आणि उतरवणी यांच्या मध्ये ट्रक कोपऱ्यावर जाऊन दहा पोती बदलून येऊ शकतो. पावती खरी, मोजणी खरी, आणि गोदामात भुसा. संगणकातही हीच लबाडी चालते. प्रोग्रॅमची यादी त्याच्या स्वतःच्या मेमरीत असते. कारकुनाने ती तेथेच वाचून "ठीक" म्हटले आणि नंतर कारागिराकडे पाठविली, तर मधल्या क्षणात प्रोग्रॅमचा दुसरा हात यादीतील हुकूम बदलतो. म्हणून व्हीसी-फोर प्रथम सारी यादी कर्नलच्या ताब्यातील तात्पुरत्या जागेत उतरवून घेतो. तपासणी त्या उतरवून घेतलेल्या प्रतीची होते, आणि पसंत पडलेले हुकूम तिसऱ्या एका कोऱ्या बफरमध्ये लिहिले जातात. कारागिराला दिसते ती तिसरी प्रत. आधी माल आपल्या गोदामात, मग मोजणी.

रीत उत्तम. दोष निघाला तो गोदाम बांधताना.

यादीबरोबर प्रोग्रॅम तीन गठ्ठे पाठवितो आणि प्रत्येकाची लांबी सांगतो. पहिल्या गठ्ठ्यात हुकूम, दुसऱ्यात रंगकामाच्या चिमुकल्या प्रोग्रॅमांच्या नोंदी, तिसऱ्यात त्यांना लागणारे आकडे. तिन्ही गठ्ठे एकाच गोदामात एकामागे एक ठेवावयाचे असल्यामुळे कारकून लांब्यांची बेरीज करतो आणि तेवढी जागा मागून घेतो. दुसरा गठ्ठा सोळाच्या पटीतील घरापासून सुरू व्हावा लागतो, म्हणून पहिल्याची लांबी सोळाच्या पुढच्या पटीपर्यंत वाढवून धरावयाची. आमच्यापैकी ज्यांनी सोळा आण्यांचा रुपया पाहिला आहे किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, त्यांना हे सोपे जाईल. पंचवीस आणे झाले तर दोन रुपये धरा. बत्तीस झाले तरीही दोनच. तेहतीस झाले की तीन. हिशेब करण्याची युक्ती अशी की आण्यांत पंधरा मिळवावयाचे आणि सोळाने भागून बाकी टाकून द्यावयाची.

हा सारा हिशेब ३२ बिटांच्या अंकात चालतो. अशा अंकात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. त्यापुढे एक मिळविला की शून्य. घरातल्या विजेच्या जुन्या मीटरला पाचच घरे असली तर ९९९९९ नंतर ००००० येतो, तसेच हे. आता समजा, कोणी एका लबाड प्रोग्रॅमने सांगितले की पहिल्या गठ्ठ्याची लांबी ४,२९,४९,६७,२९५ आहे. कारकून पंधरा मिळवितो. मीटर फिरून येतो आणि १४ दाखवितो. चौदाला सोळाने भागले की शून्य. म्हणजे पहिल्या गठ्ठ्याला जागा शून्य लागणार! कारकून दुसऱ्या-तिसऱ्या गठ्ठ्यांपुरते छोटेसे गोदाम मागून घेतो. आणि मग पहिला गठ्ठा उतरविताना तो आपली बेरीज पाहत नाही. प्रोग्रॅमने सांगितलेली मूळ लांबी पाहतो, ती चारशे कोटींच्या घरात. मूठभर कणगी आणि डोंगराएवढे धान्य.

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात हे फळ्यावर मांडले तेव्हा एका मुलीने विचारले, "असे किती आकडे आहेत, की ज्यांनी हे होते?" प्रश्न फार चांगला होता. सर्वांनी मिळून हिशेब केला. ४,२९,४९,६७,२८० हा आकडा सोळाने पूर्ण भागला जातो. त्यात पंधरा मिळविले तरी मीटर फिरत नाही. त्याच्या पुढच्या आकड्यापासून फिरतो. म्हणजे २८१ पासून २९५ पर्यंत, अवघे पंधरा आकडे. चारशे एकोणतीस कोटींहून अधिक आकड्यांत पंधरा! यंत्र नुसते नेहमीसारखे चालवून पाहणाऱ्याच्या हाती हे आकडे सहसा लागत नाहीत. ते लागतात वाचणाऱ्याच्या हाती, आणि तेही बेरजेच्या चिन्हापाशी थांबून "हा अंक कोणी सांगितला?" असे विचारणाऱ्याच्या हाती.

आणि हे विचारलेच नव्हते असेही नाही. येथे ऐकणाऱ्यांनी लक्ष द्यावे. त्याच जागी आणखी बेरजा होत्या, आणि त्यांतील मीटर फिरतो की काय याची तपासणी लिहिणाऱ्याने घातलेली होती. तपासणीची रीत घरगुती आहे: वीज जाळल्यानंतर मीटरचा आकडा आधीपेक्षा कमी दिसला तर समजावे की तो फिरून आला. दुसऱ्या गठ्ठ्याची बेरीज पहिलीपेक्षा कमी आहे काय? एकूण बेरीज तिच्याहून कमी आहे काय? सर्व प्रश्न मांडलेले होते. फक्त सोळाच्या पटीत वाढविण्याच्या क्रियेत एक बेरीज दडलेली आहे, हे निसटले. ती बेरीज 'राउंडअप' या नावाखाली झाकलेली असते. तेथे अधिक चिन्ह दिसतच नाही. दिसत नाही ते वाचावयाचे असते, म्हणून हे काम कठीण.

जानेवारी २०१७ मध्ये ही चूक एका वाचणाऱ्याने कळविल्यावर दुरुस्त झाली. दुरुस्ती एका अटीची: वाढविलेली लांबी मूळ लांबीपेक्षा कमी निघाली तर नाकारा.

पण त्याच पाच-सात ओळींत दुसरी चूकही बसलेली होती, आणि आमच्या मते ती पहिलीहून अधिक बोधप्रद आहे. तपासणी नापास झाली की कारकुनाने दोन गोष्टी करावयाच्या: नोंदवहीत लिहावयाचे की लांब्यांचा हिशेब फुगला आहे, आणि वरच्या साहेबाला "नामंजूर" असा शेरा परत द्यावयाचा. नोंदवहीत तो लिहीत होता. शेरा मात्र देत नव्हता. कारण शेऱ्याच्या जागी आरंभीच "सर्व ठीक" या अर्थाचे शून्य मांडून ठेवलेले होते, आणि नापासाच्या वाटेवर ते बदलावयाचे राहून गेले. सकाळीच हजेरीपटावर सगळ्यांच्या फुल्या भरून ठेवणारा मुकादम आम्ही पाहिलेला आहे. कोणी आला नाही तर मागाहून खोडतो म्हणतो. येथे खोडले गेले नाही. वॉचमनने वहीत लिहिले, "ट्रकमध्ये खोटा माल", आणि वरिष्ठाला सलाम करून सांगितले, "फाटकावर सर्व ठीक." वरिष्ठ पुढच्या कामाला लागला, तर ज्या वस्तू तपासणीने तयार करून ठेवावयाच्या होत्या त्या जागेवर नव्हत्याच. रिकाम्या जागेवर पाय पडला आणि सारा कर्नल कोसळला.

या चुकीला दुरुस्ती एका ओळीची: शेरा "नामंजूर" करा. दोन्ही चुकांना जगाच्या नोंदवहीत क्रमांक मिळाले, सीव्हीई-२०१७-५५७६ आणि सीव्हीई-२०१७-५५७७. आणि दोन्ही दुरुस्त्या कर्नलच्या ४.९.७ या आवृत्तीत आल्या. तोपर्यंत सुमारे एक वर्ष त्या ओळी कोणालाही वाचता येतील अशा उघड्यावर होत्या. खुल्या कोडावर हजारो डोळे असतात म्हणून चूक टिकत नाही, असे मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. डोळे असतात हे खरे. पण डोळे असणे आणि वाचणे यांत अंतर आहे. रेल्वेच्या डब्यातील सूचना रोज लाखो डोळ्यांखालून जाते.

कोणाला वाटेल, ही एका स्वस्त पाटीची कथा. म्हणून कचेऱ्यांतील संगणकांकडे वळू. इंटेलच्या प्रोसेसरांत ग्राफिक्सचा भाग आतच असतो. त्यांच्या काही पिढ्यांत चिपेने स्वतःच काही हुकूम साध्या प्रोग्रॅमांना बंद केले होते. पण ती बंदी इतकी सरसकट होती की चित्रांच्या प्रोग्रॅमांना लागणारे निरुपद्रवी हुकूमही अडत. म्हणून २०१४ मध्ये लिनक्सच्या ड्रायव्हरात कमांड पार्सर आला. त्याने हुकूम वाचावयाचे, परवानगीच्या यादीतील असतील तर सोडावयाचे. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये उघडकीस आले की नंतरच्या, नवव्या पिढीच्या चिपांत चित्रांचे तुकडे इकडून तिकडे हलविणाऱ्या विभागाला साध्या प्रोग्रॅमकडून असे हुकूम देता येतात की त्यांतून कर्नलच्या मेमरीलाच हात लागेल. तेव्हा त्या विभागाच्याही फाटकावर पार्सर बसविणे भाग पडले.

येथे एक पेच होता. हुकुमांच्या यादीत "मागे जाऊन अमुक हुकुमापासून पुन्हा सुरू कर" असाही हुकूम असू शकतो. उडी जर हुकुमाच्या पोटात, म्हणजे दोन हुकुमांच्या सीमेवर न पडता मध्येच पडली, तर तपासलेल्या शब्दांतून न तपासलेला हुकूम निघतो. "आज काम नाही, केले तर चालेल" या वाक्यात चौथ्या शब्दापासून वाचावयास लागले तर काय होते ते पाहा! म्हणून पार्सर एक तक्ता ठेवतो: कोणकोणत्या जागी तपासलेला हुकूम सुरू होतो तेथे खूण. उडी फक्त खुणेच्या जागी. नवी यादी आली की तक्ता पुसावयाचा आणि नव्याने खुणा करावयाच्या. पुसणाऱ्या ओळीत तक्त्याची लांबी ३२ बिटांचे शब्द धरून काढलेली होती. प्रत्यक्षात तक्ता यंत्राच्या लांब शब्दांचा बनलेला, आणि हल्लीच्या यंत्रांत लांब शब्द ६४ बिटांचा. परिणाम काय झाला? फळ्याचा अर्धाच भाग पुसला जाई. उरलेल्या अर्ध्यावर मागल्या तासाच्या खुणा तशाच. मागल्या यादीला दिलेली परवानगी पुढल्या यादीला आयती मिळावयाची सोय झाली. भोक बुजविण्यासाठी लावलेल्या ठिगळालाच हे भोक. दुरुस्ती बाहेर पडण्याच्या सुमारासच, त्याच महिन्यात, ते एका दुसऱ्या वाचणाऱ्याने पकडले. त्याने सुचविलेला उपाय साधा होता: लांबी हाताने मोजू नका, तक्ता पुसण्यासाठी कर्नलमध्ये तयार हत्यार आहे, त्याला मोजता येते.

हा उपाय आम्हांला फार पटतो. लेथवर प्रत्येकाने स्वतःच्या अंदाजाने माप घेतले तर जॉब फुकट जातो. गेज टांगलेला असेल तर तो वापरावा. वाचणाऱ्याने जेथे जेथे हाताने केलेला लांब्यांचा गुणाकार दिसेल तेथे तेथे थांबावे, असे आम्ही आमच्या मुलांना सांगतो. कोणाच्या हातून आलेला अंक आहे, तो वापरण्याआधी पाहिला की नंतर, जी प्रत पाहिली तीच वापरली काय, आणि नापासाच्या वाटेने चालत गेले तर शेवटी हातात काय शेरा राहतो. ही शेवटची वाट कोणी चालत नाही, कारण तेथे काही घडत नाही असे वाटते. आम्ही म्हणतो, आधी तीच चाला.

आता आमच्या धंद्याचे बोलतो, आणि यासाठीच आम्ही येथे उभे आहोत.

आम्ही तरुणपणी ज्या कारखान्यात होतो त्याचे नाव येथे नको. तेथे पॉवर प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येई, म्हणजे हात आत राहण्याची भीती नाही. उत्पादन वाढवावयाचे म्हणून एक बटण सुतळीने बांधून ठेवण्याची पद्धत तेथे पडली. तपासनीस येई तेव्हा सुतळी निघे. तपासनीस लिही: "गार्ड बसविलेला आहे." ते खरेच होते. बसविलेला होता. एका मुलाची तीन बोटे गेल्यावर चौकशीत प्रश्न निघाला तो सुतळी कोणी बांधली एवढाच. बांधली नाही तर दिवसाचा कोटा पुरा होतो काय, हे कोणी विचारले नाही.

कोड वाचणाऱ्यांची कहाणी आम्ही ऐकतो तेव्हा ती सुतळी डोळ्यांपुढे येते. बहुतेक कचेऱ्यांत नियम आहे की दुसऱ्याने वाचून मंजुरी दिल्याशिवाय कोड आत जाऊ नये. नियम उत्तम. परंतु वाचावयाचा वेळ कोणाच्या हिशेबात आहे? मुले सांगतात की आठवड्याची कामे वाटताना लिहिण्याचे तास धरले जातात, वाचण्याचे धरले जात नाहीत. ते जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्री घरी उरकावयाचे. जो नीट वाचून चार शंका काढतो त्याच्यामुळे गाडी अडते, आणि वर्षाअखेरीच्या गुणांकात "सहकार्य कमी" असा शेरा पडतो. जो दोन मिनिटांत "ठीक दिसते" लिहून मोकळा होतो तो सर्वांचा लाडका. बटण बांधलेलेच आहे.

पैशाची बाजूही पाहा. एप्रिल २०१४ मध्ये ओपन-एस-एस-एल या कोडात एक चूक उघडकीस आली, हार्टब्लीड नावाची. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवण्याचे काम जगातील असंख्य ठिकाणी हाच कोड करतो. तीही लांबीचीच चूक: समोरच्याने सांगितलेली लांबी खरी मानून तेवढी मेमरी परत पाठविली जाई. तो कोड २०११ च्या अखेरीस आत आला होता, आणि आत येण्यापूर्वी एकाने वाचलाही होता. त्या काळी या प्रकल्पाला देणग्यांतून मिळत ते वर्षाला सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. ज्यांचे कोट्यवधींचे व्यवहार त्या कोडावरून जात होते त्यांना वाचणाऱ्याचा पगार आठवला तो आग लागल्यानंतर.

लिनक्सच्या जगातील एक रीत मात्र आमच्या संघटनांनी उचलावी अशी आहे. तेथे प्रत्येक बदलाखाली नावे असतात. लिहिणाऱ्याची सही २००४ पासून सक्तीची. वाचणाऱ्याने वाचला असे म्हटले तर त्याचे नाव निराळे, चूक कळविणाऱ्याचे निराळे, आणि ही दुरुस्ती कोणत्या जुन्या बदलातील चुकीची आहे त्याचा क्रमांकही खाली. व्हीसी-फोरच्या दोन्ही दुरुस्त्या मूळ कोड लिहिणाऱ्या अ‍ॅनहोल्ट यांनी स्वतः केल्या आणि स्वतःच्या जुन्या बदलाचा क्रमांक खाली लिहिला. त्यापायी त्यांच्यावर कोणी चौकशी बसविली नाही. काम पुढे चालले. चूक लिहून देणाऱ्याचे बोट कापले जात नाही असा भरवसा असला तरच माणसे चूक लिहून देतात. नाहीतर सुतळी आणि तपासनीस आहेतच.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. वाचण्याचे तास कामाच्या तासांत धरावेत. नाव घालावयास नकार देण्याचा हक्क असावा, आणि नकार दिला म्हणून गुणांक जाऊ नये. ज्या कोडाच्या फाटकातून परक्याचे अंक आत येतात, तो वाचणारे किमान दोघे असावेत आणि त्यांतला एक त्या संघाबाहेरचा असावा. आणि जेथे चिपेतच पहारेकरी बसविता येतो तेथे तो बसवावा. कारकुनाच्या डोळ्यांवर काटकसर करू नये. मालक म्हणतील, खर्च वाढतो. वाढतो खरा.

पहारेकरी बसविता येतो याचा पुरावाही आहे. २०१९ च्या रास्पबेरी पाय-चारमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरची नवी पिढी आली, तिला मेमरीचा पहारा करणारे अंग आहे, आणि तिच्या ड्रायव्हरला हुकूमन् हुकूम वाचण्याची गरज उरलेली नाही. प्रोग्रॅमने सांगितलेल्या लांब्यांचा हिशेब मात्र तेथेही कर्नललाच करावा लागतो. जुन्या पाट्यांची गोष्ट निराळी. त्या शाळांच्या कपाटांत, प्रयोगशाळांत, कोणाकोणाच्या घरी टेबलावर अद्याप आहेत. त्यांतली एखादी आज काढून नव्या कर्नलवर चालू केली आणि एखाद्या मुलाने तिच्यावर खेळ उघडला, तर पडद्यावरच्या प्रत्येक त्रिमिती चित्रामागे तीन गठ्ठे येतात, त्यांच्या लांब्यांची बेरीज होते, आणि जानेवारी २०१७ मध्ये घातलेली ती अट विचारली जाते: वाढविलेली लांबी मूळ लांबीपेक्षा कमी तर नाही ना?